इबोलाची लस द्यायला निघालात? या चुका टाळा

“लोकच अडाणी, लस घेत नाहीत” असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. काँगोच्या उत्तर किवू भागात 2018 च्या ऑगस्टमध्ये इबोलाची साथ जाहीर झाली आणि 2020 च्या जूनपर्यंत चालली. 2,287 माणसं गेली. मी तिथे वस्त्यांमध्ये लोकांशी बोलायच्या कामावर होतो. त्या साथीत तीन लाखांहून जास्त लोकांनी लस घेतली. म्हणजे लोक घेतात, माती आपण खातो.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे ताप लपवणं. “काही होत नाही हो, मुंगी चावल्यासारखं!” या लशीनंतर ताप येतो, अंग मोडून येतं, सांधे धरतात. आणि इबोलाची सुरुवातही तापानेच होते. त्याच भागातल्या बुटेम्बो शहरात रांग मोठी होती म्हणून आमच्यातल्या एका नवख्याने मोटारसायकल-टॅक्सीवाल्या पोराला हे सांगितलंच नाही. दुसऱ्या रात्री पोरगं तापाने फणफणलं. सकाळी वस्तीभर एकच बोलणं, सुईतूनच इबोला घालतात. त्या दिवशी आमच्या तंबूकडे कुणी फिरकलं नाही. मी त्याच्या घरी गेलो तर आई ओला फडका हातात घेऊन दारातच उभी. “काही होणार नाही म्हणाला होतात ना?” काय बोलणार? तपासणीत इबोला निघाला नाही, ताप उतरला, पण तो पोरगा पुढे माझ्याशी कधी बोलला नाही.

तेव्हापासून मी आधी तापाचं सांगतो, मग बाकीचं. लशीत इबोलाचा विषाणू नसतो, दुसऱ्याच एका विषाणूवर इबोलाचं फक्त एक प्रथिन चढवलेलं असतं, हेही सांगतो. आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन विचारपूस करतो. फोनवर भागवणाऱ्यांचं मला कौतुक नाही.

रुग्णाच्या दारात गाड्यांचा ताफा लावू नका, तंबू जरा लांब ठोका. सोबत पोलीस असले की अर्धी गल्ली आधीच हातची गेली.

नांदे ही तिथली भाषा बोलणाऱ्या आजीला फ्रेंच पत्रक देऊ नका.

टोचल्या टोचल्या माणूस सुरक्षित झाला असं सांगू नका. संरक्षण तयार व्हायला दहाएक दिवस लागतात.

शेजाऱ्याला लस आणि मला का नाही, हा प्रश्न येणारच. रुग्णाला भेटलेले आणि त्या भेटलेल्यांना भेटलेले, असं कडं धरून लस देतात. मी हे जमिनीवर काडीने गोल काढून दाखवतो.

आणि वाद जिंकायला जाऊ नका. डिसेंबर 2018 च्या निवडणुकीत बेनी आणि बुटेम्बो या शहरांचं मतदान इबोलाचं कारण देऊन पुढे ढकललं होतं. लोक विचारायचे, बाजार भरतो, चर्च भरतं, मग मतपेटीनेच काय घोडं मारलंय? नवखे लगेच तक्ते उघडून बसायचे. मी म्हणायचो, प्रश्न बरोबर आहे, माझ्याकडे उत्तर नाही. मग चहा यायचा आणि लशीचा विषय बहुतेक वेळा तेच काढायचे.