मांडीतली गाठ आणि पहिला काप: सार्कोमात या चुका टाळा

"कुस्तीत मार बसलाय, रक्त साकळलंय, मालिश केली की जिरंल." कोल्हापुरात ज्या घरात तालमीची सवय, तिथे मांडीवरच्या गाठीची चौकशी बहुधा इथेच संपते. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण साकळलेलं रक्त काही आठवड्यांत ओसरायला लागतं. गाठ उलट वाढत असेल तर लेप आणि चोळणं थांबवा. माराने सार्कोमा, म्हणजे अशा गाठीचा कॅन्सर, होत नाही. मार लागला म्हणून तिथे हात जातो आणि आधीपासूनची गाठ लक्षात येते, एवढंच.

स्नायू, चरबी, नसा यांत होणारा हा कॅन्सर, सॉफ्ट टिश्यू सार्कोमा, दुर्मीळ आहे. मोठ्या माणसांच्या एकूण कॅन्सरपैकी साधारण १ टक्का, आणि त्यातही ५० हून जास्त प्रकार. अनेकदा तो दुखत नाही, म्हणून "दुखत नाही ना, मग साधी गाठ" यावर विसंबू नका. गाठ ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी आहे, खोल स्नायूत आहे, वाढतेय किंवा एकदा काढून परत आलीय, यातलं एक जरी असेल तरी तपासणी हवी.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे एमआरआय न करताच "चरबीची गाठ आहे, अर्ध्या तासात काढून टाकू" म्हणणं. सार्कोमाभोवती कवचासारखा थर असतो. त्यामुळे गाठ सहज सुटून येते आणि सगळी निघाली असं वाटतं. पण त्या थरात आणि पलीकडे पेशी उरलेल्या असू शकतात. मग ती सगळी जागा पुन्हा, आणखी मोठी कापावी लागते. कधी दुसरीकडची कातडी आणून जखम झाकावी लागते, रेडिएशनचं क्षेत्रही वाढतं. म्हणून आधी एमआरआय, मग बायोप्सी (तपासायला गाठीचा छोटा तुकडा काढणं), मग ऑपरेशन. हा क्रम सोडू नका.

बायोप्सीही कुठूनही करायची नसते. पुढे जो सर्जन ऑपरेशन करणार त्याला विचारूनच सुईची जागा ठरावी, कारण सुईची वाट नंतर गाठीबरोबर काढता यायला हवी. हातापायावर उघडी, म्हणजे कापून बायोप्सी करावीच लागली तर छेद हातापायाच्या लांबीने उभा हवा, आडवा नको. "सुई लावली की पसरतो" या भीतीपायी बायोप्सी टाळू नका. नीट आखून केलेल्या जाड सुईच्या बायोप्सीत तो धोका अगदी नगण्य, बेहिशेबी कापण्यात मात्र खरा. बारीक सुईच्या तपासणीत नुसत्या पेशी मिळतात, त्यावरून प्रकार अनेकदा कळत नाही.

गाठ आधीच काढली असेल आणि रिपोर्टमध्ये सार्कोमा आला, तर "परत येते का बघू" म्हणत थांबू नका. काढलेल्या गाठीचे तुकडे जपलेले मेणाचे ब्लॉक, काचेच्या स्लाइड, ऑपरेशनची नोंद, असतील तर जुन्या एमआरआयच्या सीडी, सगळं मागून घ्या. सार्कोमा नेहमी पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून स्लाइड पुन्हा तपासून घेणं फार मोलाचं, कारण प्रकार बदलला की उपचारही बदलू शकतो. छातीचा सीटी स्कॅनही करा, हा आजार पसरला तर बहुधा आधी फुप्फुसात जातो.

सर्जन, रेडिएशनचे आणि केमोचे डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट यांनी ऑपरेशनच्या आधी एकत्र बसून ठरवणं, हे माझ्या मते कुठल्याही भारी औषधापेक्षा महत्त्वाचं. अशी बैठक जवळ होत नसेल तर महालक्ष्मी एक्स्प्रेसने परळच्या टाटा मेमोरियलला जाऊन या. सगळे उपचार तिथेच घ्यावे लागतात असं नाही. ऑपरेशनआधीचं रेडिएशन सहसा आठवड्यातून ५ दिवस, ५ आठवडे चालतं. ते कोल्हापुरात घेता येईल का, हे तिथेच विचारा.

"पाय कापतील" म्हणून घरी बसणारे पेशंट पाहिले की जीव तुटतो. पाय वाचवून रेडिएशन दिलं तरी आयुष्यमान पाय कापण्याइतकंच राहतं, हे अमेरिकेतल्या अभ्यासात १९८२ मध्येच दिसलं. आज बहुतेकांचा हातपाय वाचतो.

पैशांसाठी ऑपरेशनच्या आधीच, रेशनकार्ड आणि आधार घेऊन, महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलमधल्या योजनेच्या मदतनीसाला, भेटा. मंजुरी आधी लागते.