औषधाची ऍलर्जी घराण्यात आहे का, हे कसं शोधायचं

माझ्या मावशीच्या फाईलवर पहिल्याच पानावर लाल पेनाने लिहिलंय, 'औषधांची ऍलर्जी'. बस्स, एवढंच. भावाला फिट्सची गोळी सुरू करायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, घरात कोणाला औषधाने त्रास झालाय का, आणि आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. मावशीला फोन लावला तर म्हणे पांढरी गोल गोळी होती. झालं!

म्हणून पहिलं काम हेच करा, घरात ज्याला ज्याला कधी त्रास झालाय त्याला बसवून नीट विचारा आणि लिहून ठेवा. औषधाचं मूळ नाव (पाकिटावर बारीक अक्षरात असतं ते, कंपनीने दिलेलं मोठं नाव नाही), कशासाठी दिलं होतं, नेमकं काय झालं, आणि कितव्या दिवशी झालं. हा दिवस लोक हमखास विसरतात आणि खरी मेख तिथेच आहे. गोळी घेऊन तासाभरात अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, दम लागला हा एक प्रकार. दहा-पंधरा दिवसांनी ताप, डोळे लाल, तोंडात फोड, मग कातडी सोलायला लागली हा दुसरा, ह्याला स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणतात आणि जीन्सचा पक्का धागा सापडलाय तो मुख्यतः ह्या उशिरा येणाऱ्या प्रकारात. नुसती मळमळ झाली, पोट बिघडलं तर तो साइड इफेक्ट, ती ऍलर्जी म्हणून लिहू नका. पेनिसिलिनची ऍलर्जी असं ज्यांच्या कागदावर असतं त्यातल्या दहापैकी नऊ जणांना टेस्ट केल्यावर ती निघतच नाही, आणि तोवर उगाच दुसरी अँटिबायोटिक्स खात बसतात बिचारे.

आता जीन्सचं. सहाव्या क्रोमोसोमवर एचएलए नावाचे जीन्स असतात, त्यांच्यापासून बनणाऱ्या प्रोटीन्सचं काम म्हणजे पेशीच्या आत काय चाललंय त्याचे तुकडे बाहेर धरून इम्यून सिस्टिमला दाखवणं. काही जणांच्या एचएलएची खाचच अशी असते की औषध तिथे जाऊन चिकटतं, आणि मग स्वतःचीच पेशी परकी वाटायला लागते.

टेस्ट कुठल्या औषधांसाठी मागायची? फिट्स किंवा चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्यासाठी कार्बामाझेपिन देणार असतील तर एचएलए-बी १५:०२ (एचएलए जीनच्या एका ठरावीक प्रकाराचं नाव, पुढचे आकडेही तसेच). २००४ मध्ये तैवानच्या डॉक्टरांना ह्या गोळीने स्टीव्हन्स-जॉन्सन झालेल्या ४४ च्या ४४ पेशंट्समध्ये हाच जीन सापडला, आणि २००७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) आशियाई वंशाच्या लोकांना गोळी द्यायच्या आधी ही टेस्ट करायला सांगितलं. युरिक ऍसिडच्या ऍलोप्युरिनॉलसाठी बी ५८:०१, एचआयव्हीच्या ऍबॅकाविरसाठी बी ५७:०१, कुष्ठरोगाच्या डॅप्सोनसाठी बी १३:०१. पेनिसिलिन किंवा साध्या पेनकिलरसाठी अशी कामाची जीन टेस्ट नाहीये, कोणी 'सगळ्या औषधांची ऍलर्जी एका थुंकीत' असं विकत असेल तर सरळ नाही म्हणा.

टेस्ट गोळी सुरू व्हायच्या आधी करायची, रक्तातून नाहीतर गालाच्या आतून घेतलेल्या स्वॅबमधून होते, रिपोर्टला काही दिवस लागतात तोवर दुसरं काही देता येईल का ते विचारा. जीन बदलत नाही त्यामुळे आयुष्यात एकदाच पुरते (बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं असेल तर मात्र रक्तात डोनरचे जीन्स दिसतात, ते आधीच सांगा). तीच गोळी वर्षानुवर्षं विनात्रास चालू असेल तर घाबरून बंद करू नका, धोका बहुतेक करून पहिल्या दोन-तीन महिन्यांतच असतो, आणि फिट्सची गोळी अचानक सोडणं हे वेगळंच संकट आहे.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणजे होणारच असं नाही, कार्बामाझेपिनच्या बाबतीत बहुतेकांना काहीच होत नाही, पण दुसरी गोळी मिळत असताना जुगार कशाला? त्याच कुळातल्या फेनिटॉइन, ऑक्सकार्बाझेपिनबद्दलही लगेच विचारून घ्या. निगेटिव्ह आला तरी डोळे उघडे ठेवायचे, कारण कार्बामाझेपिनच्या रॅशमागे एचएलए-ए ३१:०१ हा दुसरा जीनही असू शकतो. आणि नातेवाईकांचं गणित असं, मावशीकडे त्या जीनची एक कॉपी असेल तर आईकडे असायची शक्यता साधारण निम्मी, आमच्याकडे त्याच्याही निम्मी. म्हणजे टेस्ट करण्याइतकी नक्कीच. भावाची केली, निगेटिव्ह आली, तरी डॉक्टरांनी पहिले तीन महिने लक्ष ठेवायला सांगितलंय.

नवीन गोळीवर असताना ताप आणि पुरळ एकत्र आलं, डोळे चुरचुरायला लागले, तोंडात किंवा लघवीच्या जागी फोड आले, कातडी दुखायला लागली तर पुढचा डोस घ्यायच्या आधी तडक हॉस्पिटल गाठा, उद्या बघू नाही. आणि बरं झाल्यावर 'खरंच त्याच गोळीने झालं का' हे बघायला घरी अर्धी गोळी खाऊन बघणारे महाभाग असतात, ते चुकूनही करू नका, ऍबॅकाविरच्या बाबतीत तर दुसऱ्यांदा घेतल्यावर काही तासांत जीवावर बेतलेलं आहे.