अपडेटनंतर हायब्रिड गाडीचे ॲव्हरेज बदलले का, हे कसे तपासावे

सर्व्हिसिंगहून गाडी परत येते, जॉब कार्डावर 'सॉफ्टवेअर अपडेट केले' अशी एक ओळ असते आणि पुढच्या आठवड्यात डॅशबोर्डावरचा ॲव्हरेजचा आकडा २३ वरून २१ वर आलेला दिसतो. दोष अपडेटचा, पावसाचा की पेट्रोलचा, हे नुसत्या त्या आकड्याकडे पाहून सांगता येत नाही. थोडी शिस्त पाळली तर मात्र दोन-तीन महिन्यांत बऱ्यापैकी खात्रीने सांगता येते, आणि त्यासाठी एक वही व पेट्रोलच्या पावत्या पुरतात.

अपडेटने नेमके काय बदलू शकते

साध्या पेट्रोल गाडीत इंजिन कधी चालू आणि कधी बंद हे मुख्यतः चालकाच्या हाती असते; हायब्रिडमध्ये, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाडीत, ते गाडीतला संगणक ठरवतो. बॅटरी किती भरली की इंजिन बंद करायचे, किती वेगापर्यंत केवळ मोटरवर जायचे, थंड इंजिन किती तापेपर्यंत चालू ठेवायचे, ब्रेक दाबल्यावर किती ऊर्जा मोटरकरवी बॅटरीत परत घ्यायची, एसीच्या काँप्रेसरला किती वीज द्यायची, या सगळ्या मर्यादा सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेल्या असतात. त्यांतली एक जरी हलली तरी एकही सुटा भाग न बदलता पेट्रोलचा हिशेब बदलू शकतो.

याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतले आहे. फोर्डने २०१३ मध्ये फ्यूजन, सी-मॅक्स आणि लिंकन एमकेझेड या हायब्रिड गाड्यांसाठी मोफत अपडेट जाहीर केले. केवळ विजेवर धावण्याची कमाल मर्यादा त्याने ताशी ६२ मैलांवरून ८५ मैलांवर, म्हणजे साधारण १०० वरून १३७ किलोमीटरवर नेली. इंजिन तापवण्याचा वेळ जास्तीत जास्त निम्म्यापर्यंत कमी केला. शिवाय रेडिएटरचा पंखा, समोरच्या जाळीची झडप आणि एसी यांच्या नियंत्रणातही सुधारणा केल्या. तरीही सी-मॅक्सचा जाहीर आकडा त्याच वर्षी गॅलनला ४७ मैलांवरून ४३ वर आणि २०१४ मध्ये ४० वर आणावा लागला, कारण मूळ आकडा सी-मॅक्सची स्वतंत्र चाचणी न करता फ्यूजनच्या चाचणीवरून घेतलेला होता. म्हणून अपडेटने फरक पडतो हे मान्य करावे, पण मुळातच वाढवून सांगितलेला आकडा त्याने खरा होईल अशी आशा धरू नये.

सगळी अपडेट्स ॲव्हरेजसाठी नसतात, हेही ध्यानात घ्यावे. टोयोटाने फेब्रुवारी २०१४ मध्ये जगभरातल्या सुमारे १९ लाख प्रियस हायब्रिड गाड्या सॉफ्टवेअर बदलण्यासाठी परत बोलावल्या, त्या विद्युत नियंत्रक यंत्रणेतले ट्रान्झिस्टर जास्त तापून निकामी होऊ नयेत यासाठी. गाडी रस्त्यात बंद पडू नये म्हणून आलेले असे अपडेट ॲव्हरेजच्या धास्तीने कधीही टाळू नये.

पायरी १ : कोणते अपडेट झाले ते लेखी घ्यावे

नकाशे, गाणी आणि फोनजोडणी सांभाळणाऱ्या पडद्याच्या अपडेटचा पेट्रोलशी काही संबंध नसतो. आपल्याला प्रश्न आहे तो इंजिन, हायब्रिड प्रणाली आणि बॅटरी यांच्या नियंत्रकांचा, म्हणजे त्यांना चालवणाऱ्या छोट्या संगणकांचा. त्यामुळे कोणत्या नियंत्रकाचे सॉफ्टवेअर बदलले आणि त्याचा जुना व नवा कॅलिब्रेशन क्रमांक (सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा क्रमांक) काय, हे जॉब कार्डावर लिहून मागावे. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकातली माहिती वाचण्याच्या जोडणीला) ब्लूटूथ ॲडाप्टर लावून फोनवरच्या ॲपमध्येही हा क्रमांक बऱ्याचदा वाचता येतो. काउंटरवर 'सगळे लेटेस्ट टाकले आहे' असे उत्तर मिळाले, तर ते उत्तर मानू नये.

पायरी २ : टाकी ते टाकी मोजावे

डॅशबोर्डावरचा आकडा हा संगणकाचा अंदाज असतो. तो अनेकदा थोडा उदार असतो, आणि अपडेट करताना शून्यावर आणला गेला तर पहिल्या चार-दोन छोट्या फेऱ्यांवरूनच तो वाईट दिसू लागतो. निर्णय पावतीवरच घ्यावा.

एकाच पंपावर, शक्यतो त्याच नळीने, पहिल्या ऑटो कटपर्यंत, म्हणजे नळी आपोआप बंद होईपर्यंत, टाकी भरावी आणि ट्रिप मीटर शून्यावर आणावा. पुढच्या वेळी पुन्हा तसेच भरून धावलेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागावे. ६१२ किलोमीटर धावून २७.२ लिटर पेट्रोल बसले, तर ॲव्हरेज २२.५ येते. यातली खरी अडचण आकडेमोडीची नसून पंपावरची असते. 'राउंड फिगर करू का?' या प्रश्नाला नम्रपणे नाही म्हणावे, कारण कट झाल्यावर शे-दीडशे रुपयांचे जादा पेट्रोल ठासून भरले की २७ लिटरच्या हिशेबात एका लिटरची गफलत होते, आणि ती जवळजवळ पावणेचार टक्के असते. अपडेटचा परिणाम तेवढाच किंवा त्याहूनही कमी असू शकतो. तीन टाक्यांचा एकत्र हिशेब केला तर तीच चूक सव्वा टक्क्यावर येते. म्हणून एका टाकीवरून काहीही ठरवू नये.

अपडेटच्या आधीच्या तीन आणि नंतरच्या तीन टाक्या मांडाव्यात. आधीची नोंद नसेल, तर जुन्या पावत्या आणि सर्व्हिसिंगच्या बिलांवर छापलेले किलोमीटरचे आकडे जुळवून ढोबळ अंदाज काढता येतो. अपडेटनंतरची पहिली टाकी मात्र हिशेबातून वगळावी, कारण नवे सॉफ्टवेअर चढवताना संगणकाने इंधनमिश्रणाबाबत शिकून ठेवलेल्या दुरुस्त्या पुसल्या गेलेल्या असू शकतात आणि त्या पुन्हा बसायला थोडे धावणे लागते.

पायरी ३ : बाकीचे संशयित तपासावेत

अपडेट सहसा सर्व्हिसिंगबरोबर होते आणि त्याच दिवशी गाडीत इतरही पाच गोष्टी बदललेल्या असतात. सर्वांत आधी, टायर थंड असताना हवा तपासावी. नंतर इंजिन ऑइल कोणत्या ग्रेडचे घातले ते बिलावर पाहावे आणि इको मोड बंद राहिला आहे का ते पाहावे. ज्या गाड्यांत हायब्रिड बॅटरी थंड करणारी हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून घेतली जाते, तिथे जाळीसमोर पिशव्या किंवा गाद्या नाहीत ना, हेही बघावे. बॅटरी तापली की संगणक तिचा वापर आवरता घेतो आणि इंजिन जास्त वेळ चालते.

ऋतू आणि रस्ता यांचा वाटा याहून मोठा असतो. मे महिन्यात पुण्याच्या वाहतुकीत भर दुपारी चालणारा एसी आणि डिसेंबरमधला मुंबईचा महामार्ग यांची तुलना करून अपडेटला शाबासकी देण्यात काहीच हशील नाही. रोज दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर दर वेळी थंड इंजिन तापवण्यातच बरेच पेट्रोल जाते. घाट उतरताना बॅटरी भरते खरी, पण ती पूर्ण भरल्यावर उरलेली ऊर्जा वायाच जाते.

पेट्रोलही विसरू नये. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे १० टक्के मिश्रणावरून २० टक्क्यांवर गेल्यास इंधनातली ऊर्जा साडेतीन टक्क्यांच्या आसपास घटते. देशात २० टक्के मिश्रण २०२५ मध्ये गाठले गेले. तुमची 'आधीची' नोंद त्यापूर्वीची असेल, तर ही घट अपडेटच्या खात्यावर टाकू नये.

पायरी ४ : निष्कर्ष काढावा आणि सर्व्हिस सेंटरला विचारावे

आधीच्या टाक्या २१.४ ते २३.१ या दरम्यान आणि नंतरच्याही त्याच पट्ट्यात असतील, तर फरक सिद्ध झालेला नाही असेच मानावे. नंतरच्या तिन्ही टाक्या आधीच्या सर्वांत कमी आकड्याच्याही खाली असतील, आणि रस्ता, ऋतू व टायरमधली हवा सारखी असेल, तर तक्रारीला आधार आहे. तुलना स्वतःच्याच जुन्या नोंदीशी करावी. मारुतीची ग्रँड व्हिटारा किंवा टोयोटाची हायरायडर यांच्या स्ट्राँग हायब्रिडसाठी (केवळ विजेवरही धावू शकणाऱ्या प्रकारासाठी) सांगितला जाणारा लिटरला २७.९७ किलोमीटर हा आकडा प्रयोगशाळेतल्या ठरावीक चाचणीचा आहे; त्यावर बोट ठेवून भांडायला गेल्यास मूळ मुद्दा बाजूला पडतो.

सर्व्हिस मॅनेजरकडे जाताना टाक्यांचा तक्ता, पावत्या आणि कॅलिब्रेशनचे क्रमांक न्यावेत, आणि प्रश्न नेमके विचारावेत: या अपडेटने इंजिन चालू-बंद होण्याची मर्यादा बदलली का, नियंत्रकात काही दोषाची नोंद आहे का, बॅटरीच्या कप्प्यांतल्या व्होल्टेजमध्ये तफावत आहे का, याहून नवी आवृत्ती आली आहे का. जुने सॉफ्टवेअर परत टाकून द्या, ही मागणी सहसा मान्य होत नाही. मात्र याच निमित्ताने बॅटरीची तपासणी झाली, तर कधी कधी घसरणीचे खरे कारण तिथे सापडते. पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी देण्याच्या आदल्या दिवशी टाकी कटपर्यंत भरून ओडोमीटरचा फोटो काढून ठेवावा, म्हणजे त्या वेळी आधीची नोंद शोधत बसावे लागणार नाही.