आर्सेनिकचं सॅम्पलिंग: निघायच्या आदल्या दिवशीची तयारी

माझ्या सुरुवातीच्या एका सॅम्पलिंगमध्ये बोअरचं पाणी भरलं, लेबल लावलं, चार दिवसांनी लॅबला दिलं आणि रिपोर्ट आला की आर्सेनिक जवळपास नाहीच. बाटलीच्या तळाशी नारिंगी गाळ बसला होता, लॅबने वरचं निवळ पाणी मोजलं, आणि आर्सेनिक होतं त्या गाळात. तेव्हापासून निघायच्या आदल्या दिवशी सगळं सामान टेबलावर मांडल्याशिवाय मी झोपत नाही.

हे का होतं ते आधी डोक्यात पक्कं करा म्हणजे सामान आपोआप आठवतं. जमिनीखाली जिथे ऑक्सिजन संपलेला असतो तिथे जिवाणू सेंद्रिय पदार्थ खाताना लोहाचे ऑक्साइड विरघळवतात, त्या लोहाला चिकटलेलं आर्सेनिक मग पाण्यात सुटतं, आणि ते बऱ्याचदा आर्सेनाइटच्या रूपात असतं (आर्सेनिकची पाण्यातली मुख्य रूपं दोन, कमी ऑक्सिजनमधलं आर्सेनाइट आणि ऑक्सिजनमधलं आर्सेनेट). आर्सेनाइटवर नेहमीच्या पीएचला विद्युतभार नसतो, आर्सेनेटवर ऋण भार असतो आणि ते लोहाला जास्त घट्ट धरतं (पण पीएच चढला किंवा फॉस्फेट जास्त असलं की तेही सुटतं, म्हणजे ऑक्सिजन असलेलं पाणी बिनधोक असं समजू नका). पाणी वर आलं, हवा लागली की लोह गंजासारखं खाली बसतं आणि आर्सेनिकला ओढून नेतं. हे तासाभरात सुद्धा सुरू होतं.

म्हणून पहिलं सामान म्हणजे ०.४५ मायक्रॉनचे फिल्टर, सिरिंज आणि शुद्ध नायट्रिक ॲसिड (ॲसिडमुळे लोह विरघळलेलंच राहतं, खाली बसत नाही). एचडीपीईच्या (जाड प्लॅस्टिकच्या) बाटल्या १० टक्के नायट्रिकमध्ये रात्रभर भिजवून डीआयोनाइज्ड (क्षार काढलेल्या) पाण्याने नीट धुऊन, झाकणं लावून पिशवीत. जागेवर आधी फिल्टर आणि मग ॲसिड, हा क्रम उलटा झाला तर गाळातलं आर्सेनिक विरघळून आकडा फुगतो. ॲसिड घातल्यावर पीएच २ च्या खाली गेलाय ना ते थोडं पाणी वेगळं ओतून पट्टीने बघा, पट्टी बाटलीत बुडवू नका. आणि माझं ठाम मत आहे की प्रत्येक ठिकाणी एक बाटली फिल्टर न करता पण ॲसिड घालून घ्यायचीच, कारण लोक पाणी ०.४५ मायक्रॉनमधून गाळून पीत नाहीत.

आर्सेनाइट किती आणि आर्सेनेट किती हे वेगळं हवं असेल तर अजून एक बाटली, अपारदर्शक, त्यात ईडीटीए, आणि ४ अंशाला गार ठेवायची. ईडीटीए हे रसायन लोहाला पकडून ठेवतं, आणि अंधार लागतो कारण उजेडात लोहामुळे आर्सेनाइटचं आर्सेनेट पटकन होतं. नाहीतर ॲनायन एक्सचेंजची (ऋण भाराचे कण धरून ठेवणारी) कार्ट्रिज न्या, आर्सेनेट तिथे अडकतं आणि आर्सेनाइट पुढे जातं, म्हणजे जागेवरच वाटणी झाली.

मीटर: पीएच, ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे क्षार किती), तापमान, डीओ (विरघळलेला ऑक्सिजन), ओआरपी (पाणी ऑक्सिजनयुक्त आहे की नाही याचा अंदाज देणारा व्होल्टेज). सगळे आदल्या दिवशी कॅलिब्रेट करून ठेवा, बफर (ठरावीक पीएचची द्रावणं) सोबत घ्या, सेल जास्तीचे. हापसा किंवा पंप लगेच चालू करून भरायचं नाही, पाइपात साचलेलं पाणी काढत राहायचं आणि आकडे स्थिर झाले की मगच बाटली पुढे करायची, याला वेळ लागतो तो वेळापत्रकात धरा.

फील्ड किट (जागेवरच आर्सेनिक तपासायचा संच) नेत असाल तर मुदतीची तारीख बघा. त्यात झिंक आणि ॲसिडने आर्साइन वायू बनतो आणि मर्क्युरिक ब्रोमाइडच्या कागदावर पिवळा ते तपकिरी डाग उमटतो. आर्साइन फार विषारी असतो, त्यामुळे बंद खोलीत अजिबात नाही, मोकळ्या हवेत पण सावलीत, आणि वापरलेले कागद परत आणायला वेगळा डबा, त्यात पारा असतो. पाण्याला सडक्या अंड्याचा वास येत असेल तर सल्फाइडमुळे डाग खोटा येऊ शकतो, ते वहीत लिहा. किटने ढोबळ अंदाज येतो, पण डब्ल्यूएचओची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे आणि त्याच्या आसपास डोळ्याने रंग ओळखणं मला भरवशाचं वाटत नाही, तिथे लॅबच हवी.

लॅबला आधीच फोन करून विचारा की मोजायची पद्धत आयसीपी-एमएस आहे (अणूंना वस्तुमानावरून मोजणारं यंत्र) का हायड्राइड जनरेशन (आर्सेनिकचा वायू करून मोजणारी). आयसीपी-एमएसमध्ये आर्सेनिक ७५ वस्तुमानावर मोजतात आणि आर्गॉन नि क्लोरीन जोडले गेले की तेही ७५ च होतं, म्हणून खारट पाणी असेल तर कोलिजन सेल (असे जोडलेले कण वेगळे काढणारा यंत्राचा भाग) वापरणार का हे विचारून घ्या, आणि ईसी त्यांना कळवा. याच कारणासाठी मी हायड्रोक्लोरिक ॲसिड टाळते.

फील्ड ब्लँक (बाहेरून आर्सेनिक मिसळलं का ते दाखवणारी स्वच्छ पाण्याची बाटली) आणि डुप्लिकेटच्या (त्याच पाण्याच्या दुसऱ्या) बाटल्या आत्ताच नंबर टाकून ठेवा, ब्लँकसाठी डीआयोनाइज्ड पाणी भरून घ्या. नायट्रिलचे ग्लोव्हज, चष्मा, ॲसिड सांडलं तर खाण्याचा सोडा. वहीत प्रत्येक बोअरची खोली आणि जीपीएस, कारण हाकेच्या अंतरावरच्या दोन बोअरमध्येही आकडे प्रचंड वेगळे येतात, शेजारच्यावरून अंदाज बांधता येत नाही.

आणि वहीत एक रकाना बोअर ज्यांची आहे त्या घरच्यांच्या फोन नंबरचा, रिपोर्ट आला की पहिला फोन त्यांना करायचा.