बँडविड्थ मॅनेजमेंटचं टूल निवडताना या चुका टाळा

नेटवर्क अडखळायला लागलं की लगेच वाद सुरू होतो: ओपन-सोर्स घ्यायचं की कमर्शियल? खरं तर पहिली चूक इथेच होते. लाइन नेमकी कुठे तुंबते, हे त्याआधी पाहायला हवं.

लाइन रिकामी असताना पिंग (पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ) घ्या. मग मोठी फाइल अपलोडला लावून पुन्हा घ्या. 20 मिलिसेकंदांचा पिंग 400 वर गेला, तर पॅकेट्स मोडेमच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, साचताहेत. हा बफरब्लोट. त्यावरचं एफक्यू-कोडेल हे रांगा आटोक्यात ठेवणारं तंत्र 2018 पासून आरएफसी 8290 (इंटरनेटचा जाहीर तांत्रिक दस्तऐवज) म्हणून सर्वांसाठी खुलं आहे, आणि ओपनडब्ल्यूआरटी, ओपीएनसेन्स, पीएफसेन्स या तिन्ही ओपन-सोर्स राउटर-फायरवॉल सॉफ्टवेअरांत ते मिळतं. एवढ्यासाठी महागडं लायसन्स घेऊ नका, असं मी आग्रहाने सांगेन.

"बसवलं, पण फरकच पडला नाही" ही तक्रार नेहमीची. बहुतेक वेळा शेपरची (स्पीड आटोक्यात ठेवणाऱ्या भागाची) मर्यादा प्लॅनच्या पूर्ण स्पीडवर ठेवलेली असते. मग रांग मोडेममध्येच लागते आणि शेपरच्या हाती काही उरत नाही. प्रत्यक्ष मोजलेल्या स्पीडच्या 85 ते 90 टक्क्यांवर मर्यादा ठेवून सुरुवात करा. अपलोडलाही, कारण ते हमखास विसरलं जातं. तरीही जमलं नाही तर ऑफलोडिंग (पॅकेट्स नेहमीच्या प्रक्रियेऐवजी शॉर्टकटने पाठवणं) तपासा. मायक्रोटिक राउटरमध्ये फास्टट्रॅक हा असा शॉर्टकट चालू असेल, तर त्यातून जाणारे पॅकेट्स सिंपल क्यूला (स्पीड-मर्यादेच्या नियमाला) वळसा घालून जातात. नियम बरोबर असतो, पण पॅकेट्स त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत.

कमर्शियल टूल घेताना डेटाशीटवरच्या सर्वांत मोठ्या आकड्यावर जाऊ नका. तपासणीची सगळी फीचर्स चालू केल्यावर थ्रूपुट (प्रत्यक्ष मिळणारा स्पीड) किती उरतो, ते विचारा. सबस्क्रिप्शन संपल्यावर काय बंद पडतं, तेही लेखी घ्या. अनेक ठिकाणांचे रिपोर्ट एकत्र हवे असतील, रात्री-अपरात्री सपोर्ट लागत असेल, तर पैसे मोजणं योग्यच आहे. ओपन-सोर्समध्ये तोच खर्च माणसाच्या वेळात होतो. सगळं कॉन्फिगरेशन एकाच माणसाच्या डोक्यात असेल, तर तो रजेवर गेल्यावर काय होईल, याचा विचार निवडीआधीच करा.

आणि ग्राफ विचित्र दिसला म्हणून टूल बदलू नका. एसएनएमपीचा (उपकरणांकडून आकडे गोळा करण्याच्या पद्धतीचा) बाइट्स मोजणारा 32-बिट काउंटर भरलेल्या 1 जीबीपीएस लाइनवर सुमारे 34 सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो. दर 5 मिनिटांनी वाचलात तर आकडे चुकणारच, टूल कुठलंही असो. 64-बिट काउंटर निवडा.