एक जूनचा वाढदिवस: एकाच मुलाचं वय चार शास्त्रांतून कसं अभ्यासावं

माझ्या वडिलांचा वाढदिवस १ जून. धाकट्या काकांचा १ जून, शेजारच्या गुरुजींचाही १ जून. शाळा जूनमध्ये भरायची. मुलाला हाताला धरून आणणाऱ्या आईला तारीख सांगता यायची नाही. मग मास्तर त्याला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावायचे, कान हाताला लागला की मूल सहाचं धरायचे आणि जन्मतारीख १ जून टाकायचे. हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. तरी बालगृहातल्या मुलांवर प्रबंध लिहायला माझ्याकडे येणाऱ्यांपैकी पहिल्या दिवशी कुणी विचारत नाही, की फायलीतलं हे वय आलं कुठून?

मी अकरा वर्षं परिविक्षा अधिकारी, म्हणजे अशा मुलांची चौकशी करून अहवाल देणारी अधिकारी होते, नंतर पीएच.डी. केली, आता समाजकार्य आणि विधी अशा दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करते. कायदा, वैद्यक, बालविकास आणि समाजकार्य यांना जोडणारा विषय घेतला की बहुतेकांच्या हातून एकच चूक होते. चार शास्त्रांची चार प्रकरणं लिहिली जातात आणि ती एकमेकांशी बोलतच नाहीत. त्यावर मला सापडलेला उपाय असा: चारही शास्त्रं वापरतात असा एकच साधा शब्द निवडा आणि तो प्रत्येक ठिकाणी कसा बदलतो ते पाहा. ‘इजा’ घ्या, ‘पालक’ घ्या, ‘दुर्लक्ष’ घ्या. मी ‘वय’ घेतलं, म्हणून पुढचं सगळं वयाच्या आधाराने सांगते.

एका मुलाची फाईल डोळ्यांपुढे ठेवू. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. जून २०२४ मध्ये मी ती वाचली तेव्हा तिच्यात तीन वयं होती. रेल्वे स्टेशनवर सापडला तेव्हा पोलिसांनी १० लिहिलेलं. अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीने कागद नाहीत म्हणून वयाच्या वैद्यकीय तपासणीला पाठवलं, तिथून ‘७ ते ९ वर्षं’ असा अहवाल आलेला. काही महिन्यांनी मावशीचा पत्ता लागला आणि शाळेचा कागद आला: १ जून २०१५, म्हणजे पूर्ण ९.

तक्त्यात वयाचा एकच रकाना करू नका

माझ्या पहिल्या अभ्यासात मी ‘वय’ असा एक रकाना आखला आणि प्रत्येक फायलीत जो आकडा आधी दिसला तो भरत गेले. कितीतरी फायली झाल्यावर लक्षात आलं, की मी तीन वेगळ्या गोष्टी एकाच डब्यात टाकल्या आहेत. सगळ्या फायली पुन्हा मागवाव्या लागल्या. तुम्ही सुरुवातीलाच चार गोष्टी वेगळ्या लिहा: आकडा काय, कुणी लिहिला, कधी लिहिला आणि कशासाठी लिहिला. पोलिसांनी तो नोंद पूर्ण करण्यासाठी लिहिला, मुख्याध्यापकांनी वर्गात बसवण्यासाठी. त्या मुलाच्या मावशीने मला नंतर सरळ सांगितलं, की मावसभावासोबत एकाच वर्गात बसावा म्हणून दोघांची तारीख एकच घातली. तिने कुणाला फसवलं नव्हतं. शाळेने तारीख मागितली, तिने दिली.

कायदा वाचताना

बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ९४ मूळ मजकुरात वाचा, कुणाच्या टिपणांवरून नको. मूल बघताच लहान आहे हे उघड असेल, तर समितीने तसं नोंदवून अंदाजे वय लिहून पुढे जायचं. शंका असेल तर क्रम ठरलेला आहे. आधी शाळेचं जन्मतारखेचं प्रमाणपत्र किंवा दहावीच्या मंडळाचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला, आणि हे दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी, तीही आदेशापासून १५ दिवसांत. समितीने किंवा बाल न्याय मंडळाने एकदा नोंदवलेलं वय त्या कायद्यापुरतं खरं वय मानलं जातं.

आता १ जूनची गोष्ट पुन्हा आठवा. मास्तरांनी कान बघून टाकलेली तारीख या क्रमात सगळ्यात वर बसू शकते. यात कायद्याची चूक आहे असं मी म्हणत नाही. न्यायालयाला कधीतरी थांबून निर्णय द्यावाच लागतो. पण संशोधकाने ती तारीख ‘सिद्ध झालेलं सत्य’ म्हणून गणितात घालायची नसते.

निवाडे वाचताना खटला कशाचा होता हे आधी बघा. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पी. युवाप्रकाश प्रकरणात, पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याखालच्या खटल्यात, शाळेचं ट्रान्सफर सर्टिफिकेट आणि प्रवेश नोंदवहीचा उतारा कलम ९४ ला हवे असलेले कागद नाहीत असं म्हटलं. २०२४ मध्ये सरोज प्रकरणात त्याच न्यायालयाने आधारवरच्या तारखेपेक्षा शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची तारीख मान्य केली. वरवर वाचणारा म्हणेल, की हे परस्परविरोधी आहे. पण पहिल्यात एका माणसाची शिक्षा वयावर अवलंबून होती, दुसरा मोटार अपघाताच्या भरपाईचा दावा होता. तुमच्या टिपणवहीत निवाड्याच्या नावापुढे ‘कशासाठी’ हा रकाना हवाच.

वैद्यक वाचताना

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण समाजकार्याचे विद्यार्थी डॉक्टरांच्या अहवालापुढे लगेच मान तुकवतात. प्रत्येक मोजपट्टीला एकच प्रश्न विचारा: ही कुणाच्या मुलांवरून बनवली?

मनगटाच्या एक्स-रेवरून वय काढताना आजही ग्रॉयलिश आणि पाइल यांचा हाडांच्या चित्रांचा संग्रह वापरतात. त्याची दुसरी आवृत्ती १९५९ ची. त्यातली चित्रं अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या, १९३० च्या दशकातल्या, बहुतांशी सुस्थितीतल्या गोऱ्या मुलांची आहेत. आपलं मूल ऊसतोडीच्या कोपीत वाढलेलं असेल, वर्षानुवर्षं अर्धपोटी राहिलेलं असेल, तर त्याची हाडं मागे राहतात आणि वय कमी दिसतं. दातांवर उपासमारीचा परिणाम त्या मानाने कमी होतो, म्हणून अहवालात दातांची नोंद आहे का ते बघा. सर्वोच्च न्यायालयानेही १९८२ च्या जया माला प्रकरणात क्ष-किरणांवरून काढलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक असू शकते असं मान्य केलं. म्हणून ‘७ ते ९’ हे उत्तर प्रामाणिक आहे. त्याची सरासरी काढून ८ लिहिणारा विद्यार्थी डॉक्टरांनी जाणीवपूर्वक ठेवलेली शंका पुसून टाकतो. तसं करू नका, तक्त्यात कमाल आणि किमान असे दोन रकाने ठेवा.

मूल वयात येताना शरीर कसं बदलतं हे टॅनर यांनी पायऱ्यांनी मांडलं, त्या पायऱ्यांबद्दल मला फार वाटतं. त्या पायऱ्यांमागचा १९६९ आणि १९७० चा अभ्यास इंग्लंडमधल्या हार्पेंडन इथल्या बालगृहातल्या मुलामुलींवर झाला होता. ज्या मुलांवरून जगाने मोजपट्टी घेतली तीही घराबाहेर वाढणारी मुलं होती. पुढे या पायऱ्यांवरून वय ठरवलं जाऊ लागलं, तेव्हा १९९८ मध्ये खुद्द टॅनर यांनी रोझेनब्लूम यांच्यासोबत लिहिलं, की हा त्यांचा गैरवापर आहे. पायऱ्या शरीर कुठवर वाढलं ते सांगतात, जन्म कधी झाला ते नाही. अहवालात त्या वय काढायला वापरलेल्या दिसल्या तर स्वतंत्र खूण करा.

शब्दांकडेही कान द्या. कायद्यात ‘वयनिश्चिती’ हा शब्द आहे, काळजीपूर्वक लिहिलेल्या वैद्यकीय लेखांत ‘वयाचा अंदाज’. शोध घेताना दोन्ही शब्द टाका, नाहीतर निम्मं साहित्य तुमच्या नजरेलाच पडणार नाही. निवाडे इंडियन कानूनवर, वैद्यकीय लेख पबमेडवर आणि ‘इंडियन पेडियाट्रिक्स’मध्ये, आपल्याकडचे प्रबंध शोधगंगेवर मिळतात.

बालविकासाकडे वळताना छेद बघा

छेद म्हणजे अपूर्णांकातली खालची संख्या. व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता मापनश्रेणीचं भारतीय रूप नागपूरच्या मालिन यांनी केलं, ते आपल्याकडे अजून चालतं. त्यात मुलाचं सामाजिक वय, म्हणजे रोजच्या व्यवहारात ते कितव्या वर्षाच्या मुलासारखं वागतं ते काढून त्याला खऱ्या वयाने भागतात आणि शंभरने गुणतात. आपल्या मुलाचं सामाजिक वय निघालं ६. शाळेच्या ९ ने भागलं तर ६७ येतात, आणि ७० च्या खाली आकडा गेला की फायलीत बौद्धिक अक्षमतेची शंका लिहिली जाते. त्याचं खरं वय पावणेआठ असेल तर ७७ येतात. तेच मूल, तीच चाचणी, फरक फक्त खालच्या आकड्याचा. म्हणून विकासाचा कोणताही गुणांक नोंदवताना छेद कुठला वापरला ते शेजारी लिहा, आणि फायलीत ते लिहिलेलं नसेल तर तो गुणांक वापरूच नका.

तान्ह्या बाळांत हाच प्रश्न वेगळ्या वाटेने येतो. ३२ आठवड्यांचं, म्हणजे सुमारे दोन महिने आधी जन्मलेलं बाळ आठ महिन्यांचं झालं तरी विकास बघताना ते सहा महिन्यांचं धरतात, साधारण दोन वर्षांपर्यंत. शिशुगृहात सोडून दिलेल्या बाळाचे आठवडे कुणाला माहीत असतात? पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९८७ ते ८९ मध्ये जन्मलेल्या कमी वजनाच्या बाळांचा अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला, तो अभ्यास जरूर वाचा. तिथे जन्माची नोंद पक्की होती. तुमच्या मुलांच्या बाबतीत ती नाही, म्हणून तिथले निष्कर्ष जसेच्या तसे उचलू नका.

घरी जाऊन विचारताना

‘जन्मतारीख काय?’ असं विचारलं की माणसं घाबरून काहीतरी सांगतात. त्याऐवजी त्या तालुक्याचं घटनांचं पंचांग आधी बनवून न्या. लातूरकडे जाणार असाल तर १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली ते लिहा, सांगली-कोल्हापूरला ऑगस्ट २०१९ चा पूर, सगळीकडे मार्च २०२० चं लॉकडाऊन. मुलाच्या आईचं वय काढायचं असेल तर ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप. गणपती बुडवून लोक झोपले होते, हे तिथली प्रत्येक आजी सांगते. मग पोळा, घट, दिवाळी, ऊस तोडायला जाणं, परत येणं. आधी का नंतर, एवढंच विचारत जा. त्या मुलाची मावशी तारखेला अडली होती, पण पाण्याच्या रेल्वेचं नाव काढताच म्हणाली, “तवा ताईला चौथा महिना होता.” म्हणजे जन्म सप्टेंबर २०१६ च्या मागेपुढे. शाळेच्या तारखेपेक्षा सव्वा वर्षाने लहान, आणि डॉक्टरांच्या ‘७ ते ९’ मध्ये नीट बसणारा.

हे उत्तरही चौथा पुरावा म्हणून लिहा, अंतिम सत्य म्हणून नाही. आणि फाईल दुरुस्त करणं तुमच्या अखत्यारीत नाही. लेखी टिपण समितीपुढे ठेवता येतं, मी तेच केलं.

परवानगी आणि वचन

संस्थेची नैतिकता समिती, महिला व बालविकास विभाग, बालकल्याण समिती या तिन्हींकडचे कागद हातात आल्याशिवाय मी बालगृहाचं फाटक ओलांडत नाही. अधीक्षक ओळखीचे आहेत म्हणून चालून जात नाही. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी आणि १२ ते १८ ची लेखी सहमती घ्यावी लागते. आता हे वयच ठरलेलं नसेल तर? अशा वेळी मी दोन्ही घेते.

संशोधनासाठी म्हणून नवा एक्स-रे काढायला लावू नका. आधी निघालेले अहवाल वाचा. अभ्यासकाच्या कुतूहलासाठी मुलाच्या अंगावर किरण पाडायला माझी तयारी नाही.

आणि ‘तू सांगशील ते मी कुणालाच सांगणार नाही’ हे वाक्य कधीही बोलू नका. माझ्या पहिल्या संमतीपत्रात ते होतं, नैतिकता समितीतल्या वकीलबाईंनी लाल रेघ मारली. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळालेल्या प्रत्येक व्यक्तीवर ती कळवण्याची जबाबदारी आहे, संशोधकावरही. तेव्हापासून मी मुलाला सुरुवातीलाच सांगते: “तुझं नाव कुठे येणार नाही. पण कुणी तुला त्रास देत असेल आणि तू मला सांगितलंस, तर ते मला मोठ्यांना सांगावं लागेल. चालेल?” काही मुलं मग गप्प बसतात. बसू द्या. नाव, गाव, शाळा, फोटो यांतलं काहीही छापायचं नाही, बाल न्याय कायद्याचं कलम ७४ तेच सांगतं.

चारही एकत्र मांडताना

निष्कर्षाच्या प्रकरणात एका मुलाला एक ओळ द्या आणि त्या ओळीत कायद्याचं वय, वैद्यकाची कमाल-किमान, विकासाचा छेद आणि घरच्यांची आठवण शेजारी शेजारी ठेवा. जिथे जुळत नाहीत तिथे लपवू नका, तोच तुमचा विषय आहे. मग हा मजकूर एका वकिलाला, एका बालरोगतज्ज्ञाला आणि बालगृहातल्या एखाद्या जुन्या काळजीवाहक ताईंना वाचायला द्या. माझ्या प्रबंधातल्या दोन मोठ्या चुका ताईंनीच दाखवल्या, कारण कोणत्या मुलाचे दात कधी पडले हे त्यांना तोंडपाठ होतं.

त्या मुलाची तोंडी सहमती घ्यायला मी गेले तेव्हा उगाच गप्पा मारत विचारलं, वाढदिवस कधी असतो रे तुझा? तो लगेच म्हणाला, “घट बसले त्या दिवशी झालो मी. आजी सांगायची.” २०१६ मध्ये घटस्थापना १ ऑक्टोबरला होती. हे वाक्य मला त्याच्या फायलीच्या एकाही पानावर सापडलं नव्हतं.