जुन्या डेस्कटॉपमध्ये प्रोसेसर, वायफाय कार्ड बदलताय? या चुका टाळा

जुलै महिना, बाहेर पाऊस कोसळतोय आणि गोव्यातल्या डिचोलीहून मावसभावाचा फोन. "दादा, नवा प्रोसेसर घातला. पंखा फिरतो, दिवा लागतो, पण स्क्रीन काळी ती काळीच." त्याने आय३-२१०० काढून कुणाकडून तरी स्वस्तात मिळालेला आय५-३५७० बसवला होता. दोन्ही एलजीए ११५५ सॉकेटचे (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसायची खाच), मदरबोर्ड एच६१ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे प्रोसेसर आणि बाकीचे भाग जोडणारी बोर्डावरची चिप). खाचेत बसला म्हणजे चालणारच, असा त्याचा सरळ हिशेब. माल फसवा निघाला म्हणून तो विकणाऱ्याशी भांडायच्या बेतात होता. मी म्हटलं, थांब, आधी जुना प्रोसेसर परत लाव.

जुना लावला आणि कॉम्प्युटर मुकाट चालू झाला. घोळ बायोसचा होता, म्हणजे कॉम्प्युटर चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या, बोर्डातच साठवलेल्या प्रोग्रॅमचा. आय३-२१०० हा २०११चा, दुसऱ्या पिढीतला. आय५-३५७० हा २०१२चा, तिसऱ्या पिढीतला. त्याचा बोर्ड तिसरी पिढी बाजारात यायच्या आधी बनलेला, त्यामुळे त्यातल्या बायोसला हा पाहुणा कोण ते ठाऊकच नव्हतं.

म्हणून सॉकेट जुळलं की पैसे मोजायचे, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. बोर्डाचं मॉडेल दोन स्लॉटच्या मधल्या जागेत ठळक छापलेलं असतं. कॅबिनेट उघडायचं नसेल तर सीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर ते दाखवतं. काही बोर्डांवर मॉडेलच्या जोडीला रिव्हिजनचा आकडा असतो, तोही टिपून घ्या, कारण त्यावरून बायोस बदलतो. मग बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलसाठी चालणाऱ्या प्रोसेसरची यादी पाहा. प्रत्येक प्रोसेसरपुढे तो बायोसच्या कुठल्या आवृत्तीपासून चालतो ते लिहिलेलं असतं. एलजीए ११५१ तर याहून फसवं. सहाव्या-सातव्या पिढीचं सॉकेट आणि आठव्या-नवव्या पिढीचं सॉकेट नावाने एकच, पण आठव्या पिढीचा प्रोसेसर आधीच्या १०० किंवा २०० मालिकेच्या बोर्डावर चालत नाही. ब्रँडेड कंपनीचा तयार कॉम्प्युटर असेल तर आणखी जपून. त्या कंपनीने बायोसमध्ये जेवढं दिलं तेवढंच.

बायोस अपडेट करायचा तो जुना प्रोसेसर जागेवर असताना. नवा लावल्यावर स्क्रीनच येत नाही, मग अपडेट कुठून करणार? आणि आपल्याकडे पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते वेगळं सांगायला नको. बायोस लिहिला जात असताना वीज गेली तर बोर्ड निकामी, नुसती वीट होऊन बसू शकतो. मावसभावाच्या घरी यूपीएस होता, पण त्याची बॅटरी मेलेली. शेजाऱ्याकडून चालू यूपीएस आणेपर्यंत मी नव्या बायोसची फाइल असलेल्या पेन ड्राइव्हला हात लावला नाही. चहा दोनदा झाला. मग काम पाच मिनिटांचं.

अपडेट करूनही स्क्रीन काळी राहिली तर? प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनांचा वेगळा पॉवर कनेक्टर लावायचा राहिलाय का बघा. तो नसला तरी पंखे झोकात फिरतात, म्हणून कुणाला शंका येत नाही. रॅम काढून पुन्हा दाबून बसवा. पॉवरची वायर काढून बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी पाच मिनिटं बाहेर ठेवा. आणि प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ अक्षर आहे का, ते वाचा. आय५-९४००एफ सारख्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतंच. स्वस्तात मिळतो म्हणून लोक झिऑन ई३-१२३० व्ही२ आणतात, त्याचीही तीच गत. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर बोर्डाच्या एचडीएमआय पोर्टवर चित्र येणार नाही, कितीही वाट पाहा.

आता पिना. इंटेलच्या या सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात, केसासारख्या बारीक. प्रोसेसर तिरका सुटला, किंवा बाहीचा धागा अडकला, की दोन-चार पिना आडव्या. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून कॅमेरा झूम केला की ओळीतून फुटलेली पिन वेगळी चमकते. अशी पिन मी शिसं काढलेल्या ०.५च्या पेन्सिलच्या नळीत धरून, श्वास रोखून, एकेका बाजूने सरळ करतो. एकदा वाकलेली पिन वाचते, वारंवार उलटसुलट केली तर तुटते. तुटली तर बहुधा बोर्डच बदलावा लागतो. एएमडीच्या एएम४मध्ये उलटं: पिना प्रोसेसरला असतात, आणि प्रोसेसर व कूलरच्या मधल्या, उष्णता वाहून नेणाऱ्या सुकलेल्या पेस्टमुळे कूलर ओढताना प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो. त्यासाठी आधी दहा मिनिटं कॉम्प्युटर चालवून गरम करा, मग बंद करून वायर काढा आणि कूलर ओढण्याऐवजी हळूच डावीकडे-उजवीकडे फिरवत सोडवा.

इंटेलच्या कूलरच्या चार प्लॅस्टिक खुंट्या तिरक्या समोरासमोरच्या जोडीने दाबायच्या, आणि चारही "टक्" वाजल्या पाहिजेत. एक अर्धवट राहिली की तापमान शंभरीकडे धावतं आणि कॉम्प्युटर मध्येच बंद पडतो. मग लोक एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, बदलत बसतात. पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. जुनी पेस्ट मात्र आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा. आपल्या दमट हवेत कूलरच्या पात्यांवर धूळ नुसती बसत नाही, तिचा लेप होतो. ब्रशने झाडून तो जात नाही, कूलर काढूनच साफ करावा लागतो.

वायफाय कार्डाची मागणी आमच्या भागात ऑक्टोबरात वाढते. परतीच्या पावसात गडगडाट झाला की कुणाचा तरी लॅन पोर्ट (नेटची केबल लावायची बोर्डावरची जागा) जळतो, आणि बोर्ड बदलण्यापेक्षा कार्ड स्वस्त. पण इथेही एका आकड्याने घात होतो. इंटेलचं एएक्स२०० आणि एएक्स२०१ दिसायला जुळी भावंडं. एएक्स२०० हे पूर्ण कार्ड आहे, पीसीआय एक्सप्रेस अडॅप्टरवर (बोर्डाच्या स्लॉटमध्ये बसणाऱ्या जोडकार्डावर) बसवून जुन्या डेस्कटॉपमध्ये चालतं. एएक्स२०१मध्ये अर्धं कामच आहे. उरलेलं अर्धं इंटेलच्या नव्या चिपसेटमध्ये असतं. जुन्या बोर्डावर ते लावा, काढा, पुन्हा लावा, काही होणार नाही. एएक्स२१० चालतं, एएक्स२११ नाही, तोच हिशेब.

छोटं पीसीआय एक्सप्रेस कार्ड लांब स्लॉटमध्येही चालतं, पण जुन्या पांढऱ्या पीसीआय स्लॉटमध्ये नाही. जबरदस्ती करू नका.

"वायफाय चालतं, ब्लूटूथ दिसत नाही" ही तक्रार तर ठरलेलीच. कार्डासोबत एक बारीक वायर येते, ती डब्यातच पडून राहते. ब्लूटूथ यूएसबीवर चालतं, त्यामुळे ती वायर बोर्डावरच्या नऊ पिनांच्या यूएसबी २.० हेडरला लावावी लागते. एका कोपऱ्यात पिन नसते, त्यावरून दिशा कळते. ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा. कार्डाला नेट मिळण्यासाठी ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हरसाठी नेट, या फेऱ्यात कित्येक जण अडकतात. एएक्स२१०साठी इंटेलचा ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोज १० आणि ११साठीच आहे, त्यामुळे दुकानात विंडोज ७वर हिशेब चालवणाऱ्यांनी ते घेऊच नये.

आणि मग अँटेना. चिऱ्याच्या जाड भिंतींची आपली जुनी घरं. राउटर सोप्यावर, कॉम्प्युटर आतल्या खोलीत, त्याची पाठ भिंतीला टेकलेली आणि अँटेना लोखंडी कॅबिनेटच्या मागे. तिथे वायफायचं ५ गिगाहर्ट्‌झ पोहोचत नाही, २.४ पोहोचतं, पण यूएसबी ३.०ची हार्ड डिस्क शेजारी असेल तर तेही अडखळतं. तळाला चुंबक असलेला, वायरने लांब नेता येणारा अँटेना घेऊन कपाटावर ठेवा, फरक लगेच कळतो. खरं विचाराल तर जागचा न हलणारा कॉम्प्युटर आणि शाबूत लॅन पोर्ट असेल तर मी घराच्या आतून केबलच ओढतो.

मावसभावाचा आय५ शेवटी चालला. तरी विंडोज उघडायला दीड मिनिट लागायचं, कारण हार्ड डिस्क तीच जुनी. एसएसडी घातल्यावर त्याला खरा वेग दिसला, आणि तो म्हणाला, "हे आधी का नाही सांगितलंस?" विंडोज ११ टाकता येईल का, हेही त्याने विचारलं. मायक्रोसॉफ्टच्या यादीत, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलची आठवी पिढी आणि पुढचेच प्रोसेसर आहेत, आणि विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्याच्या पेटीवर मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकून दिली. काढलेला आय३ अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, बायोससाठी अडलेल्या पुढच्या कुणाला तरी उसना द्यायला.